सेंट अँटनीज कॉलेज : एडनच्या पैशातून उभं राहिलेलं ऑक्सफर्डचं विद्यालय

ऑक्सफर्ड विद्यापीठात तीसहून अधिक कॉलेजं आहेत. बहुतेक ठिकाणी बारावीनंतरची मुलंही प्रवेश घेतात. सेंट अँटनीज मात्र पदवीधरांसाठीच आहे. मास्टर्स किंवा पीएच.डी. करणारेच विद्यार्थी इथे येतात आणि त्यातले बहुतेक इंग्लंडबाहेरचे असतात.

कॉलेजसाठी पैसा दिला तो अँतोनँ बेस या फ्रेंच व्यापाऱ्याने. ते स्वतः विद्यापीठात शिकलेले नव्हते. येमेनच्या एडन बंदरात कातडी, कॉफी अशा मालाचा व्यापार करून ते श्रीमंत झाले. १९३२ पर्यंत याच एडनचा कारभार मुंबईहून चालायचा. बेस यांनी १९४८ मध्ये ऑक्सफर्डला मोठी देणगी दिली आणि १९५० मध्ये कॉलेज सुरू झालं. जागा मिळाली ती ख्रिस्ती जोगिणींच्या जुन्या मठाची. तिथल्या प्रार्थनागृहात आज ग्रंथालय आहे. १९६२ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

जगातल्या एकेका प्रदेशाचा इतिहास, राजकारण आणि समाज यांचा अभ्यास ही कॉलेजची खरी ओळख. १९५७ मध्ये इथे मध्यपूर्व केंद्र स्थापन झालं. ‘ए हिस्टरी ऑफ द अरब पीपल्स’ हा ग्रंथ लिहिणारे लेबनॉनी वंशाचे इतिहासकार अल्बर्ट हुरानी यांनी ते अनेक वर्षं सांभाळलं. केंद्राच्या नव्या इमारतीचा आराखडा बगदादमध्ये जन्मलेल्या वास्तुविशारद झाहा हदीद यांचा. ती २०१५ मध्ये खुली झाली.

केंद्राच्या दफ्तरखान्यात जुनी खासगी कागदपत्रं आणि छायाचित्रं जपलेली आहेत. इस्लाम स्वीकारून सौदी राजाचे सल्लागार झालेले सेंट जॉन फिल्बी यांची कागदपत्रंही इथेच आहेत. पण एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हा संग्रह मुख्यतः अरब देशांत काम केलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांचा, व्यापाऱ्यांचा आणि प्रवाशांचा आहे. म्हणजे मुस्लिम समाजाची हकीकत इथे बरीचशी परक्यांच्या नजरेतून नोंदलेली आहे. ती तपासून वाचायची तर अरबी, फारसी, तुर्की जाणणारे अभ्यासक लागतात. मदरशात अरबी शिकून पुढे पदवी घेतलेल्या आपल्या मुलामुलींची ती शिदोरी इथे उपयोगी पडू शकते.

प्रवेशाचा अर्ज विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासाठी करायचा असतो. त्याच अर्जात पसंतीचं कॉलेज नोंदवता येतं.