जमीन खचली, तिथे नगरे वसली

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागात नदी नाही. पावसाळ्यात पाऊस पडतो, पण ओढा वाहत नाही, नाला भरत नाही. तरीही याच सपाटीवर माया लोकांनी चिचेन इत्झा आणि मायापानसारखी नगरे उभारली. त्यांना पाणी दिले ते खचलेल्या जमिनीने.

इथला खडक चुनखडीचा. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पावसाचे पाणी किंचित आम्ल होते आणि चुनखडीला हळूहळू विरघळवत खाली मुरते. लाखो वर्षांत जमिनीखाली गुहांचे जाळे तयार झाले. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक उतरली, तेव्हा गुहांतले पाणीही उतरले. आतून मिळणारा आधार गेला आणि अनेक गुहांची छते कोसळली. पुढे समुद्र चढला, तशी ही विवरे पुन्हा भरली. खाली समुद्राचे खारे पाणी, त्यावर तरंगणारे पावसाचे गोडे पाणी. या डोहांना तिथे ‘सेनोटे’ म्हणतात. द्वीपकल्पात ते हजारोंनी आहेत.

त्यांतल्या कित्येकांची रांग अर्धवर्तुळात पसरलेली आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे एक लघुग्रह आदळला. डायनासोरांचा अंत ज्याच्याशी जोडला जातो, तोच. त्याचे चिक्शुलूब विवर पुढे चुनखडीच्या थरांखाली गाडले गेले, पण त्याच्या कडेने खडक अधिक भेगाळलेला राहिला. भूजल तिथूनच वाहत गेले आणि डोहही तिथेच दाटीने झाले.

चिचेन इत्झात दोन मोठे डोह आहेत. श्तोलोकचे पाणी रोजच्या वापराचे. उत्तरेकडचा, सुमारे ६० मीटर रुंदीचा, पर्जन्यदेव चाकचा. मुख्य पिरॅमिडजवळून त्याच्याकडे बांधीव रस्ता जातो. सोळाव्या शतकात दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने इथल्या नरबळींविषयी लिहिले होते. १९०४ पासून एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकी वाणिज्यदूताने डोहाचा गाळ उपसायला सुरुवात केली. जेड, कोपल धूप, थेट मध्य अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडून आलेले सोने आणि माणसांची हाडे वर आली. त्यांत मुलांचीही होती. बराचसा ऐवज हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात गेला; १९७० नंतर त्यातला काही मेक्सिकोला परत मिळाला.

पाणी सगळीकडे असे हाताशी नव्हते. १८४२ मध्ये प्रवासलेखक जॉन लॉइड स्टीफन्स आणि चित्रकार फ्रेडरिक कॅथरवुड बोलोनचेन गावी पोहोचले. उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटल्या की सारे गाव जवळच्या खोल गुहेत उतरायचे. ओंडके वेलींनी बांधून केलेली एक प्रचंड शिडी तिथे उभी होती आणि माणसे पाठीवर पाण्याची भांडी घेऊन ती चढत असत. कॅथरवुडने रेखाटलेल्या या दृश्यात माणसे मुंग्यांएवढी दिसतात. या प्रदेशात घागरभर पाण्याला किती कष्ट पडत, हे त्या एका चित्रातून कळते.

ज्या भेगांनी पाणी दिले, त्याच आता घाणही आत नेतात. चुनखडीत पाणी गाळले जाण्याआधीच दूर पोहोचते. म्हणून मेरिदा शहराचे सांडपाणी किंवा एखाद्या गावचा वराहपालन प्रकल्प हा त्या जागेपुरता प्रश्न राहत नाही. डोह वाचवायचा, तर त्याच्या काठाला कुंपण घालून भागणार नाही. आसपासच्या साऱ्या जमिनीचा वापर जपून करावा लागेल.

डोहांच्या रांगेतल्या ओमून गावाने हे ओळखले. हजारो डुकरांच्या प्रकल्पाविरुद्ध तिथल्या माया रहिवाशांनी आपल्या मुलांच्या नावाने न्यायालयात दाद मागितली. २०१८ मध्ये प्रकल्पाला स्थगिती मिळाली आणि २०२१ मध्ये मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.