प्राणिसंबद्ध स्टॅफिलोकॉकस संसर्ग

गाय, म्हैस, कुत्रा, मांजर, डुक्कर, कोंबडी यांच्या अंगावर किंवा कासेत राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकस गटातील जीवाणूंमुळे माणसाला होणारा संसर्ग. गळू, चिघळलेली भेग, चाव्याची जखम, क्वचित हृदयाच्या झडपेचा दाह अशी त्याची रूपे. नुसत्या लक्षणांवरून तो माणसाकडून आलेल्या संसर्गापासून वेगळा काढता येत नाही.

ॲलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश शल्यवैद्याने १८८२ मध्ये या जीवाणूंना हे नाव दिले. त्यांपैकी ‘ऑरियस’ ही जात माणूस आणि जनावरे या दोघांत आढळते. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारे तिचे वाण जनावरांत प्रथम सापडले ते १९७२ मध्ये, बेल्जियममधील कासदाह झालेल्या गायींच्या दुधात. नेदरलँड्समधील वराहपालक कुटुंबांत असेच वाण २००५ च्या सुमारास उघडकीस आले आणि विषय पशुवैद्यकांपुरता राहिला नाही. कुत्र्यांच्या त्वचेवर राहणारी जात आधी ‘इंटरमीडियस’ (१९७६) या नावाखाली मोडे. २००५ मध्ये ‘स्यूडइंटरमीडियस’ ही वेगळी जात ठरली.

उदाहरणादाखल निफाड तालुक्यातील विंचूरसारख्या गावातला एखादा गोठा घ्या. म्हशीला दगडी (कासदाह) होते, एक सड सुजते, दुधात गुठळ्या येतात. धार काढणाऱ्याच्या बोटाला चीर असते आणि चार दिवसांत तिथे पू धरतो. त्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर ‘पू, उजवा हात’ एवढेच असते. गोठा, म्हैस, दारातला कुत्रा यांचा उल्लेख नसतो. निदान बहुधा इथेच निसटते; रुग्णाला ‘घरी जनावर आहे का, कोणते आजारी आहे का’ एवढे विचारले तरी पुढचा तपास वळणावर येतो.

तपासाची नेहमीची वाट अशी : रक्तमिश्रित माध्यमावर वाढ, मग सशाच्या रक्तद्रवाने कोॲग्युलेज चाचणी. नळीतील रक्तद्रव गोठला की बऱ्याच ठिकाणी ‘ऑरियस’ लिहून मोकळे होतात. पण कुत्र्यांवरील ‘स्यूडइंटरमीडियस’ ही जातही रक्तद्रव गोठवते. फरक बारीक आहेत. तिच्या वसाहती सोनेरी नसून करड्या-पांढऱ्या असतात, भोवती रक्तविलयनाची दुहेरी कडी दिसते, काचपट्टीवरची गुठळी-चाचणी बहुधा नकारात्मक येते आणि पीवायआर ही विकर-चाचणी सकारात्मक. ‘ऑरियस’मध्ये पीवायआर नकारात्मक. कुत्रा चावलेल्या जखमेतील अशा जीवाणूंची नोंद १९८९ मध्येच झाली होती, तरी आजही ते ‘ऑरियस’ म्हणून खपून जातात. प्रथिनांवरून जीवाणू ओळखणाऱ्या मॅल्डी-टॉफ यंत्राने जात लवकर कळते, मात्र यंत्राचा नमुनासंग्रह अद्ययावत हवा.

जातीचे नाव चुकले तर औषधही चुकू शकते. ‘ऑरियस’चा मेथिसिलिन-प्रतिकार सेफॉक्सिटिनच्या चकतीने पाहतात, कुत्र्याच्या जातीत ती चकती फसवते, तिथे ऑक्सासिलिन वापरावे लागते. दुसरी अडचण मेक-ए प्रमाणेच हा प्रतिकार देणाऱ्या मेक-सी जनुकाची. २०११ मध्ये ब्रिटनमधील गायींच्या दुधात आणि माणसांत ते सापडले. मेक-ए शोधणाऱ्या पीसीआर चाचणीला ते दिसत नाही.

‘ऑरियस’ जनावराकडूनच आला हे ठरवायला वाण तपासावा लागतो. माणसाच्या प्रतिकारशक्तीला चकवणारी एससीएन-सारखी जनुके गोठ्यातील वाणांत बहुधा नसतात. वराहपालनातील वाणांत टेट्रासायक्लिनचा प्रतिकार ठळक असतो. खात्रीसाठी जखमेतील पू, माणसाच्या नाकातील बोळा आणि संशयित सडातील दूध हे तिन्ही नमुने घेऊन त्यांचा जनुकक्रम जुळवतात. दूध घेताना सड स्पिरिटने पुसून पहिल्या धारा सोडून द्याव्यात, नाहीतर हातावरचेच जीवाणू बाटलीत उतरतात.

दुधाचा धोका जखमेपुरता नाही. उकळल्याने जीवाणू मरतात, पण ‘ऑरियस’ने आधीच सोडलेले आंत्रविष उष्णतेला टिकते आणि ते दूध प्यायल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात.

वाण जुळला तरी तो कोणाकडून कोणाकडे गेला हे आपोआप ठरत नाही. जगभर कोंबड्यांत पसरलेला एक वाण मुळात माणसाकडूनच तिकडे गेल्याचे २००९ मध्ये दाखवले गेले आहे.