यष्टी आणि लाठी

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात मोबाइलवर सामना लागला की दोन वाद ठरलेले. आपल्या जिल्ह्यातल्या आश्वी खुर्दच्या अजिंक्य रहाणेला कितव्या नंबरवर पाठवायचं? आणि उजव्या यष्टीबाहेरचा चेंडू छेडायचा कशाला?

‘यष्टी’ हा शब्द समालोचकांचा. बाजारात ‘दांडी’च उडते. संस्कृतात यष्टि म्हणजे काठी. प्राकृतात ‘य’चा ‘ल’ होऊन लट्ठि झाली, तीच आपली लाठी. म्हणजे व्यापाऱ्याच्या हातातली लाठी आणि मैदानातली यष्टी सख्ख्या बहिणीच. (काठी मात्र वेगळ्या घरची, काष्ठातून आलेली.)

जानेवारी २००४ मध्ये सिडनीत सचिननं उजव्या यष्टीबाहेरच्या चेंडूवरचा कव्हर ड्राइव्ह कटाक्षानं टाळत नाबाद २४१ धावा केल्या. तरी बैलाचे दात बघता बघता कुणीतरी म्हणतंच, “एखादा मारला असता तर?”