दहा तारखेच्या आत

बाबा निवृत्त झाले तेव्हा आलेल्या रकमेतले तीन लाख आईने बचत खात्यात ठेवले. बाकीची मुदत ठेव. हे तीन लाख अडीनडीला हाताशी हवेत, असं तिचं म्हणणं. २००६ च्या २८ जूनला ती अडीनडी आली. बाबांच्या ऑपरेशनसाठी २ लाख ९५ हजार काढावे लागले. एक मुदत ठेव मोडून ३ जुलैला तेवढेच पैसे परत भरले. खात्यातून पैसे बाहेर राहिले ते मोजून पाच दिवस. साडेतीन टक्क्यांनी जूनचं व्याज ८७५ रुपये व्हायला हवं होतं, हाती आलं १४ रुपये ५८ पैसे.

बँकेने काही चूक केली नव्हती. तेव्हा नियमच तसा होता: महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच महिन्याचं व्याज. आधीचे सत्तावीस दिवस तीन लाख होते, याला किंमत नव्हती. शेवटच्या तीन दिवसांतल्या पाच हजारांनी सगळा महिना ठरवला.

हा नियम कुठून आला हे शोधताना मी स्कॉटलंडमधल्या रुथवेल या खेड्यापर्यंत पोचलो. तिथले पाद्री हेन्री डंकन यांनी १८१० मध्ये गरिबांसाठी बचत बँक काढली. मोठ्या बँका दहा पौंडांखाली ठेव घेत नसत, डंकन सहा पेन्सही घेत. पैसे ठेवायला तीन कुलपांची पेटी होती. मजुराच्या किरकोळ पैशालाही व्याज मिळावं आणि गरज पडली की तो परत मिळावा, या दोन्ही गोष्टी एकत्र आणण्याचा हा फार मोलाचा प्रयत्न होता.

मात्र व्याजाच्या नियमाचं बीज पडलं ते पोस्टात. हडर्सफील्डचे बँक कर्मचारी चार्ल्स साइक्स यांनी सुचवलं, तेव्हाचे ब्रिटिश अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी कायदा केला आणि १८६१ मध्ये ब्रिटनमधली पोस्टाची बचत बँक उघडली. व्याज अडीच टक्के. हाच आकडा का, हे गणित मांडून पाहिलं की कळतं. एका पौंडाचे तेव्हा २४० पेन्स, त्याचे अडीच टक्के म्हणजे वर्षाला सहा पेन्स, म्हणजेच महिन्याला बरोबर अर्धा पेनी. कारकुनाने पूर्ण पौंड मोजायचे, पूर्ण महिने मोजायचे आणि अर्ध्या पेनीने गुणायचं. पैसे भरले की व्याज पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू, आणि ज्या महिन्यात काढले त्या महिन्याचं काहीच नाही. हजारो खाती हाताने लिहिणाऱ्या माणसांना रोजच्या शिलकेचा हिशेब झेपला नसता, हे मला पटतं. पण त्या सोयीचा भार ज्याला चुकीच्या तारखेला पैसे लागले त्याच्यावर पडला, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे सरकारी बचत बँका १८३३ पासून कोलकाता, मद्रास, मुंबई अशा निघाल्या होत्या. १ एप्रिल १८८२ ला पोस्टाची बचत बँक सुरू झाली आणि पासबुक शहराबाहेरही पोचलं. पुढे बँकांतही 'दहा ते अखेर' हीच रीत चालली. लेजरच्या पानावरून कारकुनाची नजर खाली सरकायची, त्या दिवसांतला सर्वांत लहान आकडा टिपायचा, एकच गुणाकार करायचा, पुढचं पान. घराघरांत मात्र त्यातूनच शहाणपण तयार झालं: भरायचे तर दहाच्या आत, काढायचे तर एक तारखेनंतर. एक तारखेला काढून दहाला परत भरले, तर एक पैसाही बुडत नसे. आईला हे पाठ होतं. ऑपरेशनची तारीख तिच्या हातात नव्हती.

बँका संगणकावर आल्यावर लेजरचं कारण उरलं नाही. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज द्यायला लावलं. त्या हिशेबाने आईच्या जूनचे सुमारे ७७८ रुपये झाले असते. ऑक्टोबर २०११ मध्ये बचत खात्याचा दर ठरवण्याची मोकळीकही बँकांना मिळाली. आता अनेक बँका 'स्वीप' खातंही देतात: त्यात ठरावीक मर्यादेवरची रक्कम आपोआप मुदत ठेवीत जाते आणि चेक आला की हवी तेवढीच मोडते. मोडलेल्या भागाला जितके दिवस भरले तितक्याचाच दर, अनेक ठिकाणी वर थोडी कपात. मुदत ठेव किमान सात दिवसांची, म्हणून त्याआधी मोडलेल्या पैशावर मुदत ठेवीचं व्याज मिळत नाही. ठेवी अनेक असतील तर आधी जुनी मोडणार की नवी, हे खातं उघडतानाच विचारून घ्यावं. जुनी मोडली तर जास्त दिवस पिकलेलं व्याज कमी दराने मिळतं.

पोस्टाच्या बचत खात्यात आणि पीपीएफमध्ये जुनी रीत अजून आहे, पीपीएफला फक्त दहाऐवजी पाच तारीख. आई आता पोस्टात जाते ती महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आणि काढलेलं काही परत भरायचं असेल तर कॅलेंडरवर दहाच्या चौकोनात पेन्सिलीने रक्कम लिहून ठेवते.