असत्याचे चित्रण : फ्लॉरेन्स आणि अजिंठा

असत्य हा मूलतः वाणीचा व्यापार. मूक चित्रात ते दाखवावयाचे कसे? ग्रीक चित्रकार ॲपेलीझच्या चित्राचे ल्युशियनने केलेले वर्णन आधारास घेऊन फ्लॉरेन्सच्या बोत्तिचेल्लीने इ. स. १४९५ च्या सुमारास ‘मिथ्यापवाद’ रंगविला. त्यात प्रत्येक दोषास देह लाभला आहे. गर्दभकर्णी न्यायाधीशाच्या कानी अज्ञान व संशय लागले आहेत. मिथ्यापवाद ही सुंदर स्त्री निरपराध्यास केस धरून ओढीत आणते. दोषांपैकी मत्सर तेवढा पुरुष, कारण ग्रीकमध्ये तो शब्द पुल्लिंगी आहे. सत्य ही विवस्त्र स्त्री. (मराठीत सत्य नपुंसकलिंगी, आपल्या चित्रकाराची पंचाईतच झाली असती.)

अजिंठ्यास असे रूपकदेह लागले नाहीत. दहाव्या व सतराव्या लेण्यांत षड्दंत जातक चित्रित आहे. पूर्वजन्मी पती असलेल्या गजराजाने सवतीवर फुले आणि आपणावर वाळकी पाने मुद्दाम पाडली, हा राणीचा आरोपच मुळात खोटा. सूडासाठी ती आजाराचे सोंग घेते व हस्तिदंताचे डोहाळे सांगते. पाली कथेतील शब्दही ‘दोहळ’ हाच. व्याध काषाय वस्त्र पांघरून हत्तीस गाठतो. परंतु सोंगाची आणि खऱ्या ग्लानीची देहचिन्हे एकच. काषाय वस्त्रही साधूचे व व्याधाचे सारखेच. तेव्हा केवळ आकृतीवरून असत्य ओळखता येत नाही, ते कथाक्रमातूनच उलगडावे लागते. बोत्तिचेल्लीचे सत्य आकाशाकडे बोट दाखवीत उभे आहे. दहाव्या लेण्यात मात्र आणलेले सुळे पाहून राणीच मूर्च्छित झाली आहे, आणि या वेळी ते सोंग नव्हे.