पाणपोई आणि राज्यकारभार

दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यात अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. त्यावरील सातव्या लेखात सम्राट सांगतो की, आपण रस्त्यांच्या कडेला वड लावले, विहिरी खोदविल्या, माणसांसाठी व जनावरांसाठी पाणपोया घातल्या. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील हा कारभाराचा अहवालच होय, असे मी मानतो.

कालांतराने हिंदी मुलखातील प्याऊ, गुजरातेतील परब आणि आपली पाणपोई मुख्यतः दानधर्माच्या आधारावर चालत राहिली. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. तहान लागण्याआधीच पाणी प्यावे, हा उपदेश खरा. पण उन्हात राबणाऱ्याला पाणी हाताशी आणि धोक्याची सूचना वेळेवर मिळावी लागते.

२०१३ मध्ये तेथील महापालिकेने उष्णता कृती आराखडा आखला. त्यात पूर्वसूचना, वैद्यकीय प्रशिक्षण आणि पिण्याच्या पाण्याची केंद्रे होती. पुढे देशातील अनेक शहरांनी तोच मार्ग धरला. पाणपोई पुन्हा शासनाच्या कर्तव्यात आली. माझ्या मते, ती तेथून कधी ढळायलाच नको होती.