राज्यघटनेच्या उंबरठ्यावर जैन धर्मसंस्था

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. राज्यकर्ते बदलले, तसे मंदिरे, धर्मशाळा, पाठशाळा व पांजरपोळ चालविणाऱ्या संस्थांपुढेही दोन प्रश्न उभे राहिले. नव्या राज्यघटनेत समाजाची धार्मिक ओळख कोणत्या शब्दांत नोंदली जाणार? आणि श्रावकांनी श्रद्धेने अर्पण केलेल्या द्रव्यावर शासनाचा अधिकार कोठवर चालणार?

पहिल्या प्रश्नाबाबत समाजधुरीण वेळीच जागे झाले. अनुच्छेद २५ मधील समाजसुधारणेच्या तरतुदीपुरता ‘हिंदू’ या शब्दात जैनांचा समावेश करण्यात आला होता. राज्यघटना अंमलात येण्याच्या आदल्या दिवशी, २५ जानेवारी १९५० रोजी, जैन शिष्टमंडळाने पंतप्रधान पं. जवाहरलाल नेहरू यांची भेट घेतली. जैन हा स्वतंत्र धर्मसमाज आहे व राज्यघटनेमुळे त्या स्थितीस बाध येत नाही, असा लेखी खुलासा ३१ जानेवारी रोजी मिळाला. तथापि पत्र म्हणजे कायदा नव्हे. राष्ट्रीय स्तरावरील अल्पसंख्याक दर्जासाठी जानेवारी २०१४ पर्यंत थांबावे लागले.

दुसरा प्रश्न न्यायालयात सुटला. न्या. तेंडोलकर समितीच्या शिफारशींनंतर १९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम संमत झाला. नोंदणी, हिशेब व लेखापरीक्षण अनिवार्य झाले आणि धर्मादाय आयुक्तांस व्यापक अधिकार मिळाले. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त यांनी त्यास आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने ते १९५२ साली फेटाळले. परंतु ‘रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली अंशतः वेगळा निर्णय दिला. धार्मिक न्यासावर धर्मादाय आयुक्तांसच विश्वस्त नेमण्याची, तसेच धर्मकार्यासाठी अर्पण केलेले धन अन्य कार्याकडे वळविण्याची तरतूद न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली. देवद्रव्याची मर्यादा पाळणाऱ्या समाजाला याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. मात्र नोंदणी, हिशेबतपासणी व प्रशासन निधीचे अंशदान या तरतुदी वैध ठरल्या.

या निर्णयातून संस्थांना दुहेरी बोध मिळाला. धर्माच्या बाबतीत संप्रदायास स्वायत्तता आहे. परंतु मालमत्तेचा कारभार कायद्यानुसारच चालवावा लागतो. ज्याच्या दप्तरी दानाचा मूळ उद्देश स्पष्ट नोंदलेला असतो, त्यालाच त्या उद्देशाचे रक्षण करता येते. केवळ तोंडी परंपरेवर विसंबणाऱ्यास आपला हक्क सिद्ध करणे अवघड जाते.

तोच अधिनियम आज ‘महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम’ या नावाने लागू आहे. कायद्यांची नावे बदलतात, शासने येतात आणि जातात. अशा प्रत्येक स्थित्यंतरात न्यासाची अद्ययावत घटना, मालमत्तेची बिनचूक नोंद, विश्वस्तबदलाची वेळेवर दिलेली सूचना आणि चोख हिशेब याच गोष्टी संस्थेला तारतात. दात्याचा विश्वास जपण्याचा मार्गही हाच होय.